ट्रायल स्पर्धेत पाय कुठे टेकायचा, हे गाडी सुरू करण्याआधी ठरवावे

आपला प्रश्न असा आहे: लातूर परिसरात डिसेंबरमध्ये हौशी चालकांसाठी मोटारसायकल ट्रायल स्पर्धा होणार आहे, आपल्याकडे रोजच्या वापरातली हीरो एक्सपल्स 200 आहे, शर्यतीचा अनुभव अजिबात नाही, तेव्हा महिनाभरात तयारी होईल का, आणि तयारी नेमकी कशाची करायची? मी अंबाजोगाई तालुक्यात शेती करतो आणि गेली सहा वर्षे बालाघाटच्या डोंगरांत होणाऱ्या अशा लहान स्पर्धांत भाग घेत आलो आहे. पहिली स्पर्धा मी ज्या चुकीमुळे वाया घालवली, ती आपल्या हातून होऊ नये म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

महिना पुरेसा आहे, आणि शर्यतीचा अनुभव नसणे ही मुळीच अडचण नाही, कारण ट्रायलमध्ये वेगाला गुण नसतात. ओढ्याचे पात्र, मुरमाड चढ, झाडांमधली अरुंद वळणे अशा अवघड जागा निवडून प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना फीत बांधतात, आत शिरण्याचे व बाहेर पडण्याचे फाटक ठरवतात आणि मध्ये बाण लावतात. अशा एका तुकड्याला सेक्शन म्हणतात. प्रत्येक सेक्शनवर एक पंच उभा असतो आणि आपला पाय जमिनीला किती वेळा लागला हे तो मोजतो. पाय न टेकता पार केले तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, आणि तीन किंवा त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन दंडगुण मिळतात; गाडी पडली, फितीबाहेर गेली, बाण चुकला किंवा पाय टेकलेल्या अवस्थेत गाडी थांबली, तर सरळ पाच. दिवसअखेर ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो पहिला. बरोबरी झाली तर कोणाचे शून्य अधिक आहेत ते पाहतात. थांबण्याबाबतचा नियम मात्र सगळीकडे सारखा नसतो. काही ठिकाणी पाय वर ठेवून गाडी क्षणभर उभी केलेली चालते, तर काही ठिकाणी चाक थांबताच पाच दिले जातात. म्हणून सकाळच्या सूचनांच्या वेळी हा प्रश्न आपण स्वतः विचारून घ्यावा.

आमच्याकडे पहिल्यांदा पाहायला येणारी मंडळी शंकरपटाला यावे तशी येतात. धुरळा उडेल, कोणीतरी कोणालातरी मागे टाकेल, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात हेल्मेट काखेत धरून एका दगडापाशी उकिडवा बसलेला माणूस त्यांना दिसतो. तासाभरात तीच मंडळी गप्प होऊन चालकाच्या पायांकडे पाहू लागतात आणि पंचाच्या आधी आकडा सांगतात. ट्रायल या शब्दाचा मूळ अर्थही तोच आहे: जुन्या काळी नवी मोटारसायकल खराब वाटेवर आणि चढावर भरवशाची ठरते की नाही, याची ती परीक्षा असे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल 1909 पासूनची आहे आणि या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1975 मध्ये सुरू झाली. परीक्षा आधी गाडीची होती, पुढे ती चालवणाऱ्याची झाली.

आता माझ्या पहिल्या स्पर्धेतल्या तिसऱ्या सेक्शनबद्दल सांगतो. ते एका कोरड्या ओढ्यात होते आणि लांबी जेमतेम तीस पावलांची होती. शिरताच बारीक गोटे, मग डावीकडे वळण, त्या वळणावर करंजीच्या उघड्या पडलेल्या मुळ्या आणि मुळ्यांच्या पुढे काळ्या कातळाची एक पायरी, जिच्या बुडाशी थोडी ओल झिरपत होती. मी काठावर उभा राहून अर्धा मिनिट पाहिले. मला फक्त पायरी दिसली, आणि पायरी कशी चढायची याचाच विचार करत मी आत शिरलो. पुढचे चाक मुळीवरून घसरले, डावा पाय आपोआप बाहेर गेला, तिथे नेमका खड्डा होता, आणि गाडी त्या बाजूला आडवी झाली. पंचांनी पाच बोटे दाखवली. दुसऱ्या फेरीत मी वेग वाढवून पाहिला आणि तिसऱ्या फेरीत कमी करून पाहिला. दोन्ही वेळा मुळ्यांपाशीच तेच झाले. एका सेक्शनचे पंधरा दंडगुण माझ्या कार्डावर लागले.

त्याच सेक्शनवर पन्नाशीतले एक गृहस्थ जुनी आरएक्स 100 घेऊन आले होते. त्यांनी गाडी बाहेर लावली, सेक्शन तीनदा पायी चालून पाहिले, आणि तिसऱ्या वेळी मुळ्यांच्या अलीकडे थांबून पाटाएवढ्या एका सपाट दगडावर बुटाची टाच दाबून तो डुगडुगतो का ते तपासले. मग गाडीवर बसून आत आले, बरोबर त्याच दगडावर डावा पाय एकदा टेकला, मुळ्यांवरून पुढचे चाक सरळ काढले आणि पायरी चढून बाहेर पडले. तीन फेऱ्यांत तीन वेळा त्यांनी हेच केले. मला पंधरा, त्यांना तीन. दुपारी भाकरी खाताना मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तिथं पाय टेकावाच लागणार व्हता, म्हणून जागा आधीच बघून ठिवली."

मला आपल्याला जे सांगायचे आहे ते सारे त्या वाक्यात आहे. नवशिक्या चालक प्रत्येक सेक्शन शून्यात काढण्याच्या इच्छेने आत शिरतो आणि पाचवर बाहेर येतो, कारण तोल गेल्यावर पाय जिथे पडेल तिथे पडतो आणि ती जागा बहुतेक वेळा वाईट असते. उलट, पाहून ठेवलेल्या पक्क्या जागी टेकलेला पाय एकच गुण घेतो आणि उरलेले चार वाचवतो. हिशेब करून पाहा. आठ सेक्शन आणि तीन फेऱ्या धरल्या तर एकूण चोवीस प्रयत्न होतात; प्रत्येक वेळी पाच घेतले तर 120 होतात आणि प्रत्येक वेळी तीन घेतले तर 72. काहीही देखणे न करता, नुसते प्रत्येक सेक्शन पार केल्याने 48 गुणांचा फरक पडतो. तीनदा पाय टेकून झाल्यावर चौथ्यांदा आणि पाचव्यांदा टेकला तरी दंड वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. तशी वेळ आली की लाज न बाळगता दोन्ही पायांनी ढकलत का होईना, फाटकाबाहेर पडावे. गाडी मात्र चालती राहिली पाहिजे. दुसऱ्या वर्षी त्याच जागी, तशाच सेक्शनवर माझे दंडगुण पहिल्या वर्षीच्या 97 वरून 58 वर आले. त्या मधल्या काळात माझे हात फारसे सुधारले नव्हते, मी फक्त चालायला शिकलो होतो.

चालून पाहताना काय पाहावे, हे आपल्या जमिनीला धरून सांगतो. आपल्याकडचा काळा कातळ कोरडा असताना टायरला उत्तम धरतो, पण डिसेंबरातल्या सकाळी त्यावर दव असते आणि ओढ्यात सावलीच्या बाजूला शेवाळ. सेक्शनचा क्रम आपल्या मर्जीचा असेल तर ओढ्यातली सेक्शन ऊन वर आल्यावर घ्यावीत आणि मुरमाडी सेक्शन सकाळी, दवाने मुरूम जरा बसलेला असताना. चढावरचा कोरडा मुरूम हा बारीक गोळ्यांसारखा असतो, त्यावर रेस दिली की मागचे चाक जागेवरच उकरू लागते, आणि पहिल्या दहा गाड्या जाऊन गेल्यावर तिथे खाच पडून खालचा पक्का थर उघडा पडतो. म्हणून मुरमाच्या चढावर मी सकाळच्या रांगेतही शक्यतो मागचा नंबर लावतो, तर मातीच्या ओल्या जागी लवकर, कारण ती प्रत्येक गाडीगणिक बिघडत जाते. काळ्या मातीत पाऊस झाला तर मात्र कोणताही उपाय पुरा पडत नाही. तिचा गारा चाकाला लिंपत जातो, मडगार्डात भरतो आणि शेवटी चाक फिरेनासे होते. आपल्या गाडीचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच आहे, त्यामुळे आपल्याला हा त्रास खाली चिकटून मडगार्ड असलेल्या गाड्यांपेक्षा कमी होईल. तरी खिशात एक बोटभर जाडीची काडी ठेवावी, माती काढायला ती लागते.

उंचीचा अंदाज डोळ्याने घेऊ नये. एक्सपल्सच्या पोटाखालची मोकळी जागा 220 मिलिमीटर आहे, साधारण एक वीत. दगडाच्या उभ्या कडेला वीत लावून पाहावी. कडा वितीपेक्षा उंच असेल तर पुढचे चाक वर गेल्यावर गाडीचे पोट तिथे टेकण्याचा संभव आहे, आणि मग बाजूला कमी उंचीची वाट आहे का ते शोधावे. फितींमधली सगळी रुंदी आपलीच असते, मधोमधून जाण्याची सक्ती नसते, आणि पुष्कळदा फितीला लागून एक सोपी वाट असते जी गाडीवर बसल्यावर दिसत नाही. आतला दगड हलवणे किंवा मुळी बाजूला सारणे नियमाविरुद्ध आहे. पाहणे आणि पायाने चाचपणे मात्र चालते. सेक्शन बाहेर पडण्याच्या फाटकाकडून उलटही एकदा चालावे, कारण शेवटच्या अडथळ्यापर्यंत पोहोचताना आपण कुठे उभे असले पाहिजे, हे त्या बाजूने नीट समजते.

सरावासाठी मोठी जागा लागत नाही. एखादे बरड माळरान आणि दोन विटा पुरतात. विटा सहा पावलांवर ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत, पहिल्या गिअरमध्ये, फूटरेस्टवर उभे राहून, पाय न टेकता गाडी फिरवावी आणि दर दोन दिवसांनी विटांमधले अंतर अर्ध्या पावलाने कमी करावे. वळताना गाडी आत झुकू द्यावी आणि आपले वजन बाहेरच्या फूटरेस्टवर टाकावे. नव्या माणसाला हे उलटे वाटते, पण एवढ्या कमी वेगात शरीरही गाडीबरोबर आत गेले तर तोल सावरायला काहीच उरत नाही. रेस जवळपास स्थिर ठेवून गाडी हाफ क्लचवर आणि मागच्या ब्रेकवर खेळवावी, क्लचवर एक किंवा दोनच बोटे असावीत आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता त्याच्या दोन पावले पुढे असावी. गाडी नसेल तेव्हा सायकलवर हाच सराव करावा, तो फुकट जात नाही. 2007 पासून 2024 पर्यंत दरवर्षी खुल्या मैदानातले जागतिक विजेतेपद जिंकणारा स्पेनचा टोनी बोऊ याचीही सुरुवात सायकलवरच्या ट्रायलने झाली होती. त्याच्या चित्रफिती पाहून मागच्या चाकावर उड्या मारण्याच्या फंदात मात्र पडू नये: त्याची गाडी सुमारे 70 किलोंची, सीट नसलेली आणि केवळ याच कामासाठी बनवलेली असते, आणि आपली दीडशे किलोंहून अधिक आहे.

पायरी चढण्याचा सराव चार बोटे उंचीच्या दगडापासून सुरू करावा. दगडाला काटकोनात सामोरे जावे, तिरके गेल्यास पुढचे चाक कडेवरून घसरते. चाक दगडापासून हातभर दूर असताना गुडघे थोडे वाकवून जरा रेस द्यावी म्हणजे पुढचा भाग हलका होतो. चाक वर टेकले की रेस लगेच सोडावी, वजन पुढे घ्यावे आणि गुडघे सैल ठेवावेत, जेणेकरून मागचे चाक दगडावर आदळेल तेव्हा तो धक्का पायांत जिरेल. बहुतेक जण इथे रेस सोडत नाहीत आणि वर पोहोचून फितीबाहेर जातात.

याहून महत्त्वाचा सराव चढावर अडकण्याचा आहे, आणि तो जवळजवळ कोणीच करत नाही. चढावर गाडी बंद पडली तर क्लच सोडून ती पहिल्या गिअरमध्येच राहू द्यावी, पुढचा ब्रेक धरावा आणि नेहमी चढाच्या बाजूला पाय टाकावा. गाडी उताराच्या बाजूला कलू लागली तर तिला सोडून द्यावे. दीडशे किलोंची गाडी उतारावर धरून ठेवण्याच्या प्रयत्नात आमच्या गावच्या एका मुलाचा घोटा मोडला आणि त्याची हरभऱ्याची पेरणी त्या वर्षी भावकीने केली. वाकलेला लिव्हर दुकानात बदलून मिळतो. घोट्याच्या वर येणारे कडक बूट, गुडघ्याचे गार्ड, हातमोजे आणि हेल्मेट यांवर आधी खर्च करावा आणि उरलेल्या पैशांत गाडीचा विचार करावा. शेतात वापरतो ते रबरी गमबूट घोट्याला काहीही संरक्षण देत नाहीत.

गाडीला फारसे काही करावे लागत नाही. आरसे, इंडिकेटर आणि मागच्या नंबरप्लेटचा अडकणारा भाग काढता येत असेल तर काढावा, लेग गार्ड बसवला असेल तर तो नक्की काढावा, कारण अरुंद जागेत तो दगडाला अडकतो आणि गाडी फिरवून टाकतो. पोटाखाली कंपनीनेच संरक्षक प्लेट दिलेली आहे, तिचे बोल्ट तेवढे आवळून घ्यावेत. पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीचा, एक दात कमी केला तर पहिला गिअर आणखी संथ होतो आणि क्लचवरचा ताण घटतो. मला या एका बदलाचा सर्वांत जास्त फायदा झाला. एवढे केले नाही तर दिवसभर हाफ क्लचवर चालवून दुपारी क्लच प्लेटचा जळका वास येऊ लागतो, तेव्हा दोन सेक्शनच्या मध्ये इंजिन बंद ठेवून गाडी सावलीत उभी करावी.

हवेबाबत परदेशातले आकडे उचलू नयेत. खऱ्या ट्रायल गाड्यांच्या मागच्या चाकात चार-पाच पीएसआय इतकी कमी हवा ठेवतात, पण त्या टायरची रचना वेगळी असते आणि गाडीचे वजन निम्मे असते. आपल्या चाकांत ट्यूब आहे. हवा फार उतरवली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो, तसेच कातळाच्या कडेवर रिमला पोचा येतो. मी 15 च्या आसपास ठेवतो आणि त्याखाली जात नाही. वेड्या बाभळीचे काटे आपल्याकडे प्रत्येक ओढ्याकाठी पडलेले असतात, म्हणून एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप बरोबर हवाच.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, पण ते हलके घेऊ नये. स्पर्धा खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने आहे याची खात्री करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे गुन्हा आहे, म्हणून सरावसुद्धा रस्त्यावर करू नये, आणि वनखात्याच्या जमिनीवर तर नाहीच. बीड जिल्ह्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या जागी गाडी घालणे मोरांच्या घरात धिंगाणा घालण्यासारखे आहे. आपली विमा पॉलिसीही काढून वाचावी. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांच्याबरोबर विश्वासार्हतेची ट्रायलही वगळलेली असते, जुन्या अर्थाचा तो शब्द तिथे अजून टिकून आहे. त्यामुळे मैदानावर झालेल्या नुकसानीची भरपाई त्या पॉलिसीतून मिळेल असे गृहीत धरू नये आणि स्वतःचा वेगळा अपघात विमा घ्यावा. आयोजक हमीपत्र भरून घेतात. सही करण्याआधी रुग्णवाहिका जागेवर उभी आहे की 108 ला फोन करून बोलवावी लागणार आहे, हे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर परत फिरावे. पुढे राष्ट्रीय पातळीवरच्या मोटर स्पर्धांत उतरावेसे वाटले तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचे लायसन काढावे लागते, गावपातळीवरच्या हौशी स्पर्धेत सहसा त्याची गरज पडत नाही.

स्पर्धेच्या दिवशी वेळेआधी तासभर पोहोचून निम्मी सेक्शन चालून घ्यावीत. पहिल्या फेरीत प्रत्येक सेक्शनवर आपल्यापेक्षा अनुभवी दोन चालक जाऊ द्यावेत, आणि त्यांची गाडी पाहण्यापेक्षा त्यांचा पाय कुठे टेकतो ते पाहावे. मग फाटकासमोर उभे राहून डोळे मिटून एकदा वाट आठवावी: इथे वळण, इथे पाय, इथे पायरी. वाट आठवत नसेल तर गाडी पुन्हा बाहेर लावून चालायला जावे. पंच थांबतात, घाई करत नाहीत. प्रत्येक सेक्शननंतर कार्डावर पडलेला आकडा तिथेच पाहावा, कारण हरकत घ्यायची असेल तर ती त्याच जागी घ्यावी लागते.

संध्याकाळी बक्षीस समारंभ आटोपल्यावर सगळ्यांना घरी जाण्याची घाई असते, आणि मी सर्वांत जास्त पंक्चर त्याच वेळी पाहिली आहेत. आपण गाडी चालवतच लातूरला परतणार असाल, तर 15 पीएसआय हवेवर महामार्गाला लागू नये. टायर तापतो आणि वळणावर गाडी लोळते. काढलेले आरसे, इंडिकेटर व नंबरप्लेटचा भाग परत बसवून, मागच्या चाकाचा नट आणि चेनचा ताण तपासून, पंपाने दोन्ही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरून घ्यावी. हातपंपाने मागच्या चाकाला बराच वेळ लागतो, तेव्हा पुढच्या वेळी कोणते सेक्शन कसे काढायचे यावर बरोबरच्या माणसाशी बोलत भरावी.